काचेमागची माणसे

आमच्या हरसूलच्या घरात दरवर्षी २ मार्चला एका तसबिरीला हार घातला जात असे. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली, दाराच्या उजव्या हाताला ती टांगलेली होती. सहासात माणसे मागे उभी, पुढे दोन खुर्च्या, त्यातल्या एका खुर्चीत माझे आजोबा. अंगात कोट, डोक्याला फेटा, गुडघ्याशी चारपाच वर्षांची एक पोर. ‘काळारामाच्या सत्याग्रहातला फोटो’ एवढीच त्या तसबिरीची ओळख. वडिलांनी ती आम्हा भावंडांना सांगितली, मी ती माझ्या मुलांना सांगितली. एवढेच नव्हे, तर शाळेत मास्तरकी करीत असताना काळारामाचा धडा आला की मी ही तसबीर पिशवीत घालून वर्गात नेत असे आणि अभिमानाने मुलांपुढे धरीत असे. ती ओळख चुकीची होती. ही चूक कशी सापडली आणि तिच्याखालून काय निघाले, ते येथे लिहीत आहे.

हरसूलचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही. त्र्यंबक सोडून घाट उतरू लागले की जून ते सप्टेंबर ढग घरात येऊन बसतात. भिंती पाझरतात, कपड्यांना वास येतो, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरते. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तसबिरीच्या काचेच्या आतून एक तपकिरी डाग वर चढताना दिसला. तो आजोबांच्या बुटांपर्यंत आला होता. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, मोबाइलवर फोटो काढून ठेवू, मूळ गेला तर गेला.’’ मला ते पटले नाही. फ्रेम उतरवली आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत मागचे खिळे हळूहळू काढले.

मागे खोक्याचा पुठ्ठा होता. असल्या पुठ्ठ्यातला आंबटपणा वर्षानुवर्षे कागदात उतरतो आणि फोटो पिवळा पडतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुठ्ठ्याखाली फोटोची पाठ कोरी होती. नाव नाही, तारीख नाही. फोटो उलटून भिंग लावले, तेव्हा उभ्या माणसांच्या मागे, ज्याला आम्ही आजवर पडदा समजत होतो, तो कापडी फलक निघाला. घडीत गेलेली अक्षरे होती, पण चार-पाच स्पष्ट लागली : ‘...ल्ड कास्ट फेड...’.

शेड्युल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली नागपूरला, जुलै १९४२ मध्ये. काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० रोजी. म्हणजे आमचा फोटो सत्याग्रहानंतर किमान बारा वर्षांनी काढलेला. ज्याला आम्ही इतकी वर्षे हार घातला, तो फेडरेशनच्या कुठल्याशा सभेचा किंवा निवडणुकीच्या प्रचाराचा फोटो होता.

मी दोन दिवस कुणाला काही बोललो नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने घरातच खोटा पुरावा टांगून ठेवावा, याची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी नाशिकला आत्याकडे गेलो. आत्या आता पंचाऐंशीच्या पुढे आहे, कान मंद झालेत, डोळे मात्र ठीक. फोटोतली गुडघ्याशी उभी असलेली पोर तीच. तिला मी फलकाचे सांगितले. तिने ऐकले, फोटो हातात घेतला आणि म्हणाली, ‘‘मग? म्या कवा म्हनलं का बाप गेला व्हता? बाप देवळालीला छावणीत कामाला. रजा टाकली आसती तर काम गेलं आसतं. आई गेलती सत्याग्रहाला.’’

‘‘हे तू कधी सांगितलं नाहीस.’’

‘‘तुमी कवा इचारलं?’’

मग तिने फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवले. तिथे, पोरीच्या खांद्यावर, एक हात आहे. कोपरापर्यंतचा. त्याच्यापुढे फोटो संपतो. तो हात आम्ही सगळ्यांनी पाहिलेला होता आणि कुणीच पाहिलेला नव्हता. ‘‘ह्यो माझ्या आईचा हात,’’ आत्या म्हणाली. ‘‘ती कडंला हुभी व्हती. तुझ्या बापानं कापली. तयार फ्रेम आणली त्र्यंबकच्या जत्रंतनं, मापाची न्हवती. मापाची करून घ्यायला पैसं कुठनं आनायचं? मंग कातर घेतली.’’

मी ती कड पाहिली. कातर सरळ चाललेली नाही. वडील शाळामास्तर होते, मुलांच्या वहीला पुठ्ठा घालताना रेघ मारल्याशिवाय कात्री चालवत नसत. येथे मात्र रेघ मारलेली नाही. फ्रेममध्ये आजोबा मधोमध यावेत एवढेच त्यांनी पाहिले. वडिलांबद्दल मला राग नाही. त्या काळातल्या कुणालाही बाईच कापली गेली असती.

काळारामाच्या सत्याग्रहाच्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. मंदिराच्या चारी दरवाजांवर माणसे बसली. ९ एप्रिल १९३० ला रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, माणसे जखमी झाली. पुढे काही वर्षे हा लढा चालू राहिला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा त्याची दिशाच बदलली. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे ही नावे आपण घेतो, घेतलीच पाहिजेत. पण त्या पंचवीस स्त्रिया कोण? त्यांच्या घरात कुणाच्या तसबिरी आहेत? माझी आजी त्या पहिल्या पंचवीसमध्ये होती असे मी म्हणत नाही. आत्याही तसे म्हणत नाही. ती कोणत्या तुकडीत होती, कोणत्या दरवाजावर बसली, याचा एकही कागद माझ्याजवळ नाही. आहे तो फक्त आत्याने आईच्या तोंडून ऐकलेला शब्द, आणि एक हात.

त्या हाताबद्दल मात्र थोडे अधिक सांगता येते. त्यात काचेच्या दोन बांगड्या आहेत, दुसरे काही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला जोडून स्त्रियांची सभा झाली, तीत बाबासाहेबांनी जातीची खूण सांगणारी वस्तू न वस्तू टाकून द्यायला सांगितले होते : गुडघ्यापर्यंतचे लुगडे, गळ्यातल्या गळसऱ्या, कोपरापर्यंत चढवलेले कथलाचे आणि चांदीचे गोट. आपल्या घरांतले जुने फोटो या दृष्टीने कुणी तपासले आहेत काय? लुगड्याचा काठ घोट्याशी आहे की पोटरीशी, हातात गोट आहेत की काच, यावरून एका भाषणाचा शब्द गावोगाव किती वर्षांत पोचला याचा माग लावता येईल. हा दस्तऐवज कुठल्याही दप्तरखान्यात नाही. तो पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या साडीखाली पडलेला आहे आणि दर पावसाळ्याला थोडा थोडा नष्ट होतो आहे.

कॅमेरा आपल्याकडे आधी आपल्या इच्छेने आलाच नव्हता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. विल्यम जॉन्सनने मुंबईच्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत १८६३ आणि १८६६ साली छापले. त्यात माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा चिकटवलेला, अशी जोडाजोड आहे. सरकारने ‘पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात काढले. अशा पुस्तकांत माणसाच्या चित्राखाली बहुतेक वेळा त्याचे नाव नसते, जातीचे नाव असते. पक्षी टिपावा, त्याची जात लिहावी, तसे. आमच्या हरसूलच्या शेजारपाजारच्या कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांचे तर अजून तेच चालू आहे. बोहाड्याच्या रात्री शहरातून मोठमोठे कॅमेरे येतात, सोंगांचे मुखवटे टिपतात आणि पहाटे निघून जातात. मुखवट्याआत कोण नाचत होते हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे.

हरसूलचाच इतिहास घ्या. १८५७ च्या डिसेंबरात इथला बाजार लुटला गेला, उठाव मोडून काढला गेला आणि पेठच्या भगवंतराव राजाला फाशी झाली. हे सगळे आपल्याला कळते ते १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमधून, म्हणजे फाशी देणाऱ्यांच्या दप्तरातून. ज्यांनी बाजार लुटला त्यांची बाजू सांगणारा कागद गॅझेटियरात कशाला येईल?

आणि नाशिकला कॅमेऱ्याची उणीव होती असेही नाही. दादासाहेब फाळके आमच्या वाटेवरच्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. चित्रपट काढण्याआधी त्यांनी फोटोग्राफीच केली. १९१३ मध्ये त्यांनी आपला व्यवसाय नाशिकला आणला, १९१७ मध्ये ‘लंकादहन’ काढला, १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकात उभी राहिली. रामाची कथा पडद्यावर आणणारे शहर ते हेच. त्याच शहरात, त्याच रामाच्या दारात, बारातेरा वर्षांनी हजारो माणसे बसली. पडद्यावरच्या रामाचे दर्शन चार आण्याचे तिकीट काढणाऱ्या कुणालाही घेता येत होते, दगडाच्या रामाचे घेता येत नव्हते. फाळक्यांच्या कामगिरीला मी कमी लेखत नाही. पण काय टिपण्याजोगे आहे हे ठरवणारा डोळा कुणाचा होता, हे विचारल्याशिवाय छायाचित्रांचा इतिहास लिहिता येत नाही.

आपण स्वतःच्या पैशाने कॅमेऱ्यापुढे गेलो ते पलटणीतून, गिरणीतून, गोदीतून आणि छावणीच्या नोकऱ्यांतून. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यानंतर तर गणवेशातले फोटो घरोघर पोचले. स्टुडिओत गेल्यावर काय मिळे? खुर्ची. गावात पाटलासमोर जमिनीवर बसणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटे खुर्चीवर बसायला मिळे. कोट स्टुडिओवाल्याचा, मनगटातले घड्याळ स्टुडिओवाल्याचे, हातातले पुस्तकही त्याचेच. हे फोटो पाहून आपले काही लेखक हसतात. उसना कोट, उसना रुबाब, म्हणतात. मला हे हसणे समजत नाही. कोट उसना असेल, पण खुर्चीत बसण्याचा निर्णय तर त्या माणसाचा होता.

आता दाभोळ. माझी सासुरवाडी दाभोळजवळची. धर्मांतरानंतर नाशिककडचे आणि कोकणातले आम्ही एकमेकांत सोयरिकी करू लागलो, त्यातली आमची एक. दाभोळ म्हटले की पुस्तकांत बंदर येते, आदिलशाही काळातली मशीद येते, पोर्तुगीजांच्या स्वाऱ्या येतात. बंदरावर ओझे वाहणारे येत नाहीत. माता रमाईचे वणंद गाव याच पट्ट्यातले. त्यांचे वडील भिकू धोत्रे दाभोळच्या बंदरावरून माशांच्या टोपल्या डोक्यावर वाहून नेत. त्यांचा फोटो मी कुठे पाहिलेला नाही. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात लागलेल्या त्या लग्नाचाही नाही. रमाई आपल्याला दिसतात त्या पुढे. फेब्रुवारी १९३४ चा राजगृहातला फोटो सर्वांच्या परिचयाचा आहे : यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी हा कुत्रा. पुढच्या वर्षी, २७ मे १९३५ ला, रमाई गेल्या. त्या फोटोतल्या प्रत्येकाचे नाव आपल्याला माहीत आहे, कुत्र्याचेसुद्धा, कारण कुणीतरी ती वेळेवर लिहून ठेवली. माझ्या आजीला हे भाग्य लाभले नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणात घुसले. दापोली, मंडणगडची घरे उघडी पडली. सासुरवाडीच्या घराची कौले आणि पत्रे गेले, ट्रंकेत पाणी शिरले. सासरे मुंबईच्या गोदीत होते. तिथून त्यांनी पाठवलेले, भावांनी पलटणीतून पाठवलेले, असे चाळीसेक फोटो त्या ट्रंकेत होते. मी तिथे पोचलो तोवर वर्ष उलटले होते. वहिनी म्हणाल्या, ‘‘भावोजी, सगळे येकाला येक चिकाटले. मी सोडवाया गेले नि तोंडांच निघाली वो.’’ त्यांनी भिजलेला गठ्ठा आधी उन्हात टाकला, मग ओढून सोडवला. फोटोच्या कागदावर सरसासारखा एक थर असतो, चित्र त्या थरात असते. तो ओला होऊन फुगला आणि वाळताना शेजारच्या कागदाला धरून बसला. ओढल्यावर एकाच्या चेहऱ्यावरचा थर दुसऱ्याच्या पाठीला गेला. खरे तर असा गठ्ठा वाळू द्यायचा नसतो. स्वच्छ थंड पाण्यात तो ठेवला की बरेचदा फोटो आपोआप सुटतात, मग चित्राची बाजू वर ठेवून स्वच्छ सुती कापडावर सावलीत वाळवायचे. वहिनींना हे कोण सांगणार होते? वादळाच्या पंचनाम्यात कौले मोजली गेली, नारळीपोफळी मोजल्या गेल्या. फोटोंचा रकाना नव्हता.

चाळीसातले सतरा हाती लागले. त्यांच्यावरून वहिनींशी तासभर ओढाताण झाली. मी ते हरसूलला न्यायचे म्हणत होतो. त्या म्हणाल्या, ‘‘न्याल नि मंग ते तुमचे होतील. हितं भिंतीवर काय ठेवू?’’ त्यांचे खरे होते. वारसा जपायचा म्हणून ज्याचा आहे त्याच्या घरातून उचलून न्यायचा, ही तर संग्रहालयवाल्या साहेबांचीच रीत. शेवटी दापोलीला जाऊन सगळ्यांच्या प्रती करून घेतल्या. मूळ फोटो वहिनींकडे राहिले, प्रती माझ्याकडे आल्या. आता एक घर बुडाले तरी दुसऱ्या घरात चेहरे राहतील.

आपल्या चळवळीत हे काम कुणी केलेच नाही असे मात्र म्हणू नये. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून केले, म्हणून ती गर्दी आज आपल्याला दिसते. वसंत मून यांनी बाबासाहेबांच्या कागदांसाठी आयुष्य वेचले आणि १९७९ पासून त्यांचे खंड निघू लागले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांची घरे शोधत हिंडून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. ते वाचूनही मला आत्याला विचारावेसे वाटले नव्हते, ही गोष्ट मी येथे नोंदवून ठेवतो. नेत्यांचे कागद वाचवण्यासाठी निदान समित्या तरी असतात. अनुयायांच्या ट्रंका वाचवायला घरातले माणूसच हवे.

मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कुणाच्या उपयोगी पडले तर पडो. तसबीर काचेला चिकटली असेल तर ओढू नका, काचेसकट तिची प्रत काढा. ओल्या फडक्याने फोटो पुसू नका. १९८०-९० च्या सुमारास चिकट पानांचे अल्बम घरोघर आले, त्यांतून फोटो बाहेर काढा, तो गोंद चित्र खातो. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. सेलोटेप तर नकोच. डांबरगोळ्या फोटोंच्या संगतीत ठेवू नका. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते. आणि पाठीमागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, कडेला नावे लिहा. डावीकडून उजवीकडे, बायकांची आधी. हे शेवटचे कुठल्या शास्त्रात नाही, माझे आहे.

गेल्या हिवाळ्यात मी आत्याला पुन्हा भेटलो. फोटो नवीन पुठ्ठ्यावर घेतला होता, कोपरे कागदी खोबणीत अडकवलेले, गोंद नाही. मुलाचे म्हणणे होते की संगणकावर कापलेली कड जोडता येईल, आजीचा दुसरा एखादा फोटो मिळाला तर तिला तिथे उभीही करता येईल. आजीचा दुसरा फोटो नाही. असता तरी मी ते करू दिले नसते. जॉन्सनसाहेबाने केली ती जोडाजोड पुरे झाली. कापलेली कड कापलेलीच दिसू दे. आता नवी फ्रेम फोटोपेक्षा मोठी केली आहे आणि डाव्या बाजूला हातभर नाही तरी चार बोटे कोरी जागा सोडली आहे.

पाठीवर काय लिहायचे ते आत्याने सांगायचे ठरले होते. मी पेन्सिल घेऊन बसलो. उभ्या माणसांतली तीन नावे तिला आठवली, एकाचे नुसते गाव आठवले, बाकीचे नाहीत. आजोबांचे नाव लिहिले. ‘१९४२ नंतर, फेडरेशनची सभा, जागा माहीत नाही’ असे लिहिले. मग हातापाशी थांबलो. आजीचे नाव लिहिले, पुढे ‘काळाराम सत्याग्रहात होती, मुलीच्या सांगण्यावरून’ असे लिहून आत्याला वाचून दाखवले.

‘‘सांगन्यावरून कशाला?’’ आत्या म्हणाली. ‘‘नुसतं व्हती लिव.’’

मी तिला समजावू लागलो की पुरावा आणि आठवण यांत फरक असतो, उद्या कुणी विचारले तर आपण काय दाखवणार, आजोबांच्या बाबतीत आपण एकदा फसलोच आहोत. तिने सगळे ऐकून घेतले. कानाने कमी ऐकते म्हणून पुन्हा एकदा सांगायला लावले. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्या ओळीखाली थरथरत्या, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेल्या अक्षरांत स्वतःची सही केली.